अर्धा आटा

“दादा, तू फक्त तोंड वाकडं करून उभा राहा. बोलायचं काम आम्ही करतो,” विनया म्हणाली.

विनया माझी धाकटी बहीण. मी तेव्हा विमा कंपनीतून नुकताच निवृत्त झालो होतो. नोकरीभर माझं काम एकच होतं. अपघात झालेल्या गाड्या बघायच्या आणि मालक सांगतोय तसं काही घडलेलं नाही असं धरून चालायचं. या कामाने माझा चेहरा कायमचा एका बाजूला गेला, असं आमच्या सगळ्या नातलगांचं मत आहे. मी समोर उभा राहिलो की भाजीवाली न सांगता मेथीची जुडी सोडून दाखवते. त्यामुळे नात्यात कुणी जुनी वस्तू विकत घ्यायला निघालं की जाताना मला घेऊन जातं. लोक शेजाऱ्याची शिडी नेतात तसं.

या खेपेची वस्तू होती क्वाड बाइक. चार जाड टायरांवर बसवलेली मोटरसायकल म्हणा. पाचगणीच्या पठारांवर पर्यटकांना फिरवायला ठेवलेल्या असतात त्या. रस्त्यावर काढायची परवानगी नाही, पण शेतात आणि पठारावरच्या वाटांवर छान पळते. हँडलच्या उजव्या मुठीजवळ एक खटका असतो, तो अंगठ्याने दाबला की रेस मिळते.

विनयाच्या सासरी, राजपुऱ्यांकडे, पठाराच्या काठावर स्ट्रॉबेरीचं शेत आहे. माझी भाची शलाका नऊ-दहा वर्षांची असताना तिच्या बापाने, हेमंतरावांनी, तिला मुलांची छोटी क्वाड घेऊन दिली. आता ती चौदाची झाली होती. दर हिवाळ्यात आसपासची क्वाडवाली मंडळी मिळून पठाराला एक फेरी मारतात. जत्राच म्हणा, फक्त देव नाही आणि धूळ जास्त. फेरी दोन आठवड्यांवर आली होती आणि शलाकाच्या गाडीला दम राहिलेला नव्हता.

“चालवून दाखव मामाला,” हेमंतराव म्हणाले.

शलाका हेल्मेट घालून शेडपासून जांभळापर्यंत गेली आणि परत आली. घरचा कुत्रा बरोबर निघाला होता. तो मधे थांबला, कान खाजवला, एका दगडाचा वास घेतला आणि निवांत चालत पुन्हा तिच्या बरोबरीला आला.

“बघितलंत?” हेमंतराव म्हणाले. “दिवाळीपासून असं. आधी प्लग बदलला. मग पेट्रोलपंप बदलला. मग मेकॅनिक बदलला. आता गाडीच बदलायची. वाईच्या अलीकडे एक ढेबे आहे, जुन्या क्वाड विकतो. त्याच्याकडे अडीचशे सीसीची आलीय.”

“ही केवढी?”

“एकशेदहा.”

“म्हणजे एकदम दुपटीच्या वर.”

“मग? मुलगी आहे म्हणून बेताची घ्यायची का?”

हे त्या घरचं ब्रीद. त्याचे मूळपुरुष अण्णा, शलाकाचे आजोबा, निवृत्त मुख्याध्यापक. मुलींना अडवू नका या विषयावर त्यांनी इतक्या गावांत भाषणं केली होती, की घरात उलटं वागायची कुणाची टाप नव्हती. ‘जपून’ हा शब्द मी त्या घरात कधी ऐकला नाही. ‘सांभाळून’ही नाही. लहानपणी शलाका झाडावर चढली की बाकीच्या घरांत ‘खाली उतर’ म्हणतात तसं अण्णा खालून ‘अजून वर’ म्हणत.

“तुला काय वाटतं?” मी शलाकाला विचारलं.

“मला काय वाटायचंय? हळू चालते.”

“मग मोठी हवी?”

“बाबा म्हणतात हवी,” असं म्हणून ती कुत्र्याच्या कानातली गोचीड बघायला लागली.

मला मात्र चैन पडेना. म्हातारं इंजिन कुरकुरतं. धूर सोडतं, खोकतं, चढावर रडतं. या गाडीचं तसं काहीच नव्हतं. आवाज स्वच्छ, धूर नाही. ती एका वेगाला यायची आणि तिथे गप्प थांबायची, कुणीतरी दटावल्यासारखी. दमलेली गाडी आणि दटावलेली गाडी यांतला फरक मला नोकरीने शिकवला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ढेब्याकडे जायच्या आधी, मी शेडमध्ये जाऊन खाली बसलो.

मुलांच्या क्वाडला रेसच्या खटक्यामागे एक छोटा स्क्रू असतो. तो आत पिळला की खटका पुरता दाबला जात नाही, आणि गाडी ठरावीक वेगापलीकडे जात नाही. मूल नवखं असताना स्क्रू आत, सरावेल तसा बाहेर. शलाका अकरा वर्षांची झाली तेव्हा हेमंतरावांनी तो पुरता बाहेर काढला होता आणि पेढे वाटले होते. पेढ्यांचा बॉक्स मलाही आला होता. आता तो स्क्रू चांगला आत बसला होता, आणि त्याच्या खाचेत ओरखडे होते. एक रुंद पात्याचा. एक बारीक. एक भलताच वेडावाकडा, हत्याराचा नसलेलाच.

विनया चहा घेऊन आली.

“विनू, हा स्क्रू कुणी पिळला?”

“कुठला स्क्रू?”

ज्याला खरोखर माहीत नसतं, तो हे विचारताना स्क्रूकडे बघतो. ती माझ्याकडे बघत होती. मी चहा घेतला आणि तोंड वाकडं केलं.

“अर्धाच आटा,” ती हळूच म्हणाली. “एकदाच. दिवाळीत तो मुंबईचा मुलगा पठारावर उलटला ना, हात मोडला त्याचा, त्या दिवशी. बटाटे सोलायच्या सुरीने.”

“मग लेकीला सांगायचं की हळू चालव म्हणून.”

“या घरात?” तिने मागे वळून बघितलं. “अण्णांना कळलं तर ते मला बोलणार नाहीत रे. बोलले असते तर परवडलं असतं. ते भाषण करतील.”

“आणि हेमंतराव?”

“हेमंतला तर सांगूच नकोस. त्याला पोरीचा केवढा अभिमान. त्याच्या मनात कधी भीतीचा विचारसुद्धा येत नाही. शपथ घे माझी.”

मी शपथ घेतली. पण अर्ध्या आट्याने गाडी कुत्र्याच्या मागे पडत नाही. मी हेमंतरावांना शोधत ठिबकच्या टाकीकडे गेलो.

“हेमंतराव, नवी गाडी घेतली की तिचाही स्क्रू पिळणार का?”

त्यांच्या हातातला पाइप खाली पडला आणि माझी पँट गुडघ्यापर्यंत भिजली.

“हळू बोला, अच्युतराव.”

“किती?”

“अर्धा आटा. पठारावरच्या त्या म्हशीच्या उतारावरून तिला खाली येताना बघितलं एकदा. गाडी पुढे आणि माझं काळीज मागे. घरी आलो आणि मोठा डिसमिस घेतला.” आमच्याकडे स्क्रू-ड्रायव्हरला डिसमिसच म्हणतात.

“मग आता अडीचशेची कशाला घेताय?”

“आता काय करू? सगळे म्हणतात गाडी दमली. मी नको म्हणालो तर का नको ते सांगावं लागेल.” त्यांनी घराकडे बघितलं. “विनयाला कळू देऊ नका हां. ती या बाबतीत फार खंबीर आहे. तिला वाटेल, मी पोरीला मागे खेचतो.”

त्यांनाही मी शब्द दिला. दीडएक तासात मी एकाच घरातल्या नवरा-बायकोची एकमेकांपासूनची गुपितं सांभाळायला लागलो होतो, आणि अजून बारीक ओरखड्याचा मालक मिळायचा होता.

अण्णांच्या खोलीत त्यांच्या दिवंगत पत्नीचं शिलाई मशीन होतं. दर रविवारी ते त्याला तेल घालत. मशीनच्या खणात एक नाजूक डिसमिस असायचा.

“अण्णा, तुमचा डिसमिस जरा बघू?”

अण्णांनी आधी खणावर हात ठेवला, मग चष्मा काढला. भाषणाची तयारी असते तसा.

“अच्युतराव, अडवणं वेगळं आणि नियमन वेगळं.”

“बरोबर.”

“मी तिला अडवलेलं नाही. आयुष्यात कुठल्या मुलीला अडवलेलं नाही.”

“नियमन किती केलंत?”

“अर्धा आटा,” अण्णा म्हणाले. मग खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, “एकच नात आहे हो.”

भाषणासारखं ते वाक्य नव्हतं. कुणाला सांगणार नाही, एवढा शब्द मी त्यांनाही दिला. डिसमिस घेतला आणि शेडमध्ये गेलो.

स्क्रू मोकळा करून पाहिला. तिघांचे अर्धे अर्धे म्हणजे दीड. स्क्रू दोन आटे आत होता. पुन्हा पाहिला. दोनच. कुठलाही दावा तपासताना शेवटी असं काहीतरी उरतं आणि ते उरलेलंच खरं असतं. पण राजपुऱ्यांच्या घरात संशय घ्यायला माणूस शिल्लक नव्हता. कुत्रा होता. त्याचाही विचार मी केला.

तपासलेली वस्तू होती तशी ठेवायची, हा आमचा नियम. मी स्क्रू पहिल्यासारखा आत पिळत होतो, तेवढ्यात मागून आवाज आला.

“मामा, काय करतोयस?”

शलाका दारात उभी होती.

“बघतोय.”

“काय दिसलं?”

“अजून काही नाही.”

ती जवळ आली. माझ्या हातातला डिसमिस घेतला, उलटासुलटा करून पाहिला आणि माझ्या शर्टाच्या खिशात नीट खोचून ठेवला. “राहू दे तुझ्याकडेच,” म्हणाली. “चल, सगळे पिकअपमध्ये बसलेत.”

छोटी क्वाड पिकअपच्या हौद्यात बांधून आम्ही घाट उतरलो. पुढे शलाका आणि तीन खंबीर माणसं दाटीने बसली होती. मी मागे गाडीशेजारी, तीन गुपितं आणि एक उरलेला अर्धा आटा घेऊन.

नंदू ढेबे हा पांढरा शर्ट घालून चिखलातला धंदा करणारा माणूस. त्याच्या आवारात आठ-दहा क्वाड उभ्या होत्या आणि त्या सगळ्या डॉक्टरांच्या होत्या.

“ही अडीचशे बघा साहेब. डॉक्टरांची. फक्त रविवारी चालवायचे.”

“सहा दिवस कोण चालवायचं?” मी विचारलं.

ढेब्याने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि विनयाला म्हणाला, “हे कोण?”

“माझा भाऊ. ते काही बोलत नाहीत.”

मी काळ्या अडीचशेभोवती फिरलो. खाली आडवा झालो. सांगाडा सरळ, वेल्डिंग केलेलं नाही, ब्रेक ठीक, टायर ठीक. कुठेही काही सापडलं नाही, त्यामुळे माझा संशय आणखी वाढला.

तोवर ढेबे बदल्यात घ्यायची म्हणून शलाकाची छोटी गाडी बघत होता. तिच्यावर बसून त्याने आवारात दहा पावलं नेली, थांबला आणि अंगठ्याने खटका चाचपला.

“दमलीय म्हणत होतात ना?” तो म्हणाला. “अहो, हिचा स्क्रू पिळलाय कुणीतरी.”

त्याने खिशातून नाणं काढलं, स्क्रू बाहेर घेतला आणि खटका दाबला. गाडीने आवारात अशी रपेट मारली की कोपऱ्यातल्या कोंबड्या कुंपणावर चढल्या.

विनया हेमंतरावांकडे बघेना, हेमंतराव विनयाकडे बघेनात, अण्णा आकाशाकडे बघत होते. आता एकजण तरी बोलेल, मग दुसरा बोलेल, मग सगळे हसतील आणि आपण छोट्या गाडीसकट घरी जाऊ, असं मला वाटलं.

“दादा,” विनया म्हणाली, “सकाळी तू शेडमध्ये होतास.”

“डिसमिस तर यांच्या खिशातच आहे,” हेमंतराव म्हणाले.

“अच्युतराव,” अण्णा म्हणाले, “तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती.”

“मी काल आलोय. गाडी दिवाळीपासून हळू चालतेय.”

“दिवाळीलाही आला होतास,” विनया म्हणाली. तिच्या डोळ्यांत मला काही तरी दिसलं. ती विनवणी होती. हेमंतरावांच्याही डोळ्यांत तीच होती. अण्णांनी चष्मा काढून पुसायला घेतला. तिघांनाही मी शब्द दिलेला होता, आणि प्रत्येकाला इतर दोघं निर्दोष वाटत होते.

ढेबे मोठ्या आदराने माझ्याकडे बघत होता. धंद्यातला एक माणूस त्याच धंद्यातल्या दुसऱ्या माणसाकडे बघतो तसा.

मी शलाकाकडे पाहिलं. ती खाली वाकून बुटाची नाडी बांधत होती. त्या नाडीला फार वेळ लागला.

“जाऊ दे,” हेमंतराव मोठ्या मनाने म्हणाले. “मामाच आहे. काळजीपोटी केलं असेल.”

“जुन्या विचारांची सवय लवकर जात नाही,” अण्णा म्हणाले.

मी तोंड वाकडं करून उभा राहिलो. मला आणलं त्यासाठीच होतं.

“म्हणजे गाडी ठणठणीत आहे,” मी एवढंच म्हणालो. “नवी कशाला मग?”

“नाही नाही, नवी लागणारच,” ढेबे पुढे सरसावला. त्याने शलाकाला छोट्या गाडीवर बसवलं आणि हँडल वळवायला लावलं. मूठ तिच्या गुडघ्यावर आपटली. “बघा. पोर मोठी झाली, गाडी लहानच राहिली. अशीच वळवताना अडकेल नि पडेल कुठेतरी.” यात मात्र खोट काढायला मला जागा नव्हती. “आता तुमच्यापुढे दोन आहेत. ही काळी अडीचशे. नाहीतर ती कोपऱ्यातली मधली, दीडशेची.”

कोपऱ्यात एक पोपटी रंगाची क्वाड उभी होती. पोपटी म्हणजे पोपटालाही संकोच वाटेल असा पोपटी. खाली बसून पाहिलं तर यंत्र चांगलं होतं, उंची बेताची, वजन बेताचं.

“मधली कशाला?” हेमंतराव म्हणाले. “ती काही घाबरणारी मुलगी नाही.”

विनयाने काही बोलायला तोंड उघडलं. अण्णांनी तिच्याकडे बघितलं. तिने तोंड मिटलं.

“चढव त्या टेकाडावर,” हेमंतराव लेकीला म्हणाले.

आवारामागे ढेब्याने मातीचं टेकाड करून ठेवलं होतं, गिऱ्हाइकांना चढवून दाखवायला. शलाका काळ्या गाडीवर बसली. पाय पोचत होते, हातही पोचत होते, पण सगळं जेमतेम. खटका दाबल्यावर गाडी अशी उसळली की तिची मान मागे गेली. धूळ उडवत ती माथ्यावर पोचली आणि तिथे इंजिन बंद पडलं.

ती तिथेच बसून राहिली.

“सुरू कर,” हेमंतराव खालून म्हणाले. आवाज नेहमीचा ठेवायचा त्यांनी फार प्रयत्न केला.

ती बसूनच होती. हेल्मेटमुळे तोंड दिसत नव्हतं. खाली चार मोठी माणसं उभी होती, आणि ‘उतर खाली, चालत ये’ एवढं म्हणायला आमच्यातलं कुणी तयार नव्हतं. मी म्हणालो असतो. पण नुकताच मी मुलीची प्रगती रोखणारा ठरलो होतो.

शेवटी तिने इंजिन सुरू केलं. गाडी उतरायला लागली ती तिच्या मनात होतं त्याहून जोरात. पायथ्याला तिने ब्रेक दाबला, मागची चाकं घसरून बाजूला फिरली आणि रिकाम्या ऑइलच्या पिंपांपासून हातभर अंतरावर गाडी उभी राहिली.

आम्ही टाळ्या वाजवल्या. वाजवणाऱ्यांचे चेहरे पिठासारखे झाले होते.

“कशी वाटली?” हेमंतरावांनी विचारलं.

“भारी,” हेल्मेटमधून आवाज आला. ती खाली उतरली. हात जॅकेटच्या खिशात घातले आणि बाहेर काढले नाहीत.

“मग ठरलं. ढेबे, कागद काढा.”

“पण मला ती हवी,” शलाका म्हणाली आणि कोपऱ्याकडे मानेने खूण केली.

“कुठली? ती?”

“हो.”

“का?”

“रंग.”

ढेब्याचं तोंड उघडंच राहिलं. “ताई, तो रंग मीच बदलणार होतो. वर्षभर त्या रंगापायी कुणी हात लावलेला नाही.”

“रंग बघून गाडी घेतात का?” हेमंतराव म्हणाले. “शलू, अगं गाडीची ताकद बघायची, हे काय भलतंच.”

“मला पोपटी आवडतो.”

“पण...”

“नको म्हणताय का?”

ते शब्द तिने अगदी साधेपणाने उच्चारले. हेमंतराव अण्णांकडे वळले. उभं आयुष्य मुलींच्या निवडीचा मान राखा म्हणून सांगितलेला तो माणूस, आणि नातीने निवड केली ती रंगावरून.

“मुलगी निवडेल ते,” अण्णा म्हणाले. प्रत्येक शब्दाला त्यांना त्रास झाला.

विनयाने पदराने घाम पुसला. तिच्या चेहऱ्यावर आलेलं सुख तिला लपवता येईना, म्हणून ती कोंबड्या बघायला गेली.

मला मात्र तो पोपटी पचेना. शलाकाची खोली मी पाहिली होती. पडदे राखाडी, चादर राखाडी. अंगात नेहमी बापाचे जुने निळे टी-शर्ट. केसांची रिबनसुद्धा कधी रंगीत घातली नसेल तिने. पण आरोपीच्या साक्षीला कोण विचारतो?

“आणि हिचा स्क्रू मी लावणार,” शलाका म्हणाली. “मामाचा भरवसा नाही.”

सगळे हसले. जरा जास्तच हसले. तिने माझ्या खिशातून अण्णांचा डिसमिस काढला, पोपटी गाडीपाशी गेली आणि आमच्याकडे पाठ करून खाली बसली. किती आटे पिळले ते कुणाला दिसलं नाही.

पठारफेरी तिने पुरी केली. मधेच कुठेतरी आली, पहिली नाही आणि शेवटची नाही. पडली नाही.

त्यानंतर मी राजपुऱ्यांकडे कितीतरी वेळा गेलो. मी येणार असलो की विनया हत्यारांच्या कपाटाला कुलूप लावायची. आधी गंमत म्हणून, मग सवय म्हणून. जेवताना कुणी ना कुणी म्हणायचंच, “मामांपासून स्क्रू सांभाळा.” हेमंतराव हसायचे, विनया हसायची, आणि दोघंही माझ्या ताटात जरा जास्त तूप वाढायचे. अण्णा होते तोवर मला दारापर्यंत सोडायला यायचे आणि काही न बोलता हात दाबायचे.

शलाका आता पंचविशीची आहे. शेताच्या खालच्या अंगाला तिने मातीची वाट आखली आहे आणि शनिवार-रविवार मुलांना क्वाड शिकवते. स्वतः चारशेची चालवते, म्हशीच्या उतारावरून उभ्याने खाली येते. गेल्या थंडीत मी तिच्याकडे गेलो होतो. पुण्याहून एक बाप अकरा-बारा वर्षांच्या मुलीला घेऊन आला होता.

“हिला फुल स्पीड द्या,” तो म्हणाला. “आमची मुलगी कशालाच घाबरत नाही.”

“ते तुम्ही नका सांगू,” शलाका म्हणाली. “तुम्ही तिकडे झाडाखाली बसा.”

मग ती त्या मुलीजवळ उकिडवी बसली. तिच्या हातात तोच शिलाई मशीनचा डिसमिस दिला. “हा स्क्रू आहे ना, तो तू पिळायचा. पोटात गोळा यायचा थांबेल इतका आत. कुणाला सांगायची गरज नाही.”

मुलीने बापाकडे बघितलं, तो दूर आहे याची खात्री केली आणि स्क्रू पिळायला लागली. पिळतच राहिली. शलाकाने तिला थांबवलं नाही.

गाडी निघाल्यावर मी म्हणालो, “शलाका, माझा एक अर्धा आटा अजून जुळत नाही.”

“अजून?”

“तिघांचे मिळून दीड. आत होते दोन.”

“आईची सुरी, बाबांचा मोठा डिसमिस आणि अण्णांचा हा,” ती म्हणाली. “तिघांनाही बघितलंय मी. शेडमागे पेरूच्या झाडावर बसायचे ना.”

“मग चौथा कोण?”

“चौथा नाही रे. पहिला.” ती वाटेकडे बघत होती. “तो माझा.”

मी वळून तिच्याकडे बघितलं.

“म्हशीच्या उतारावर हात कापायचे माझे. रात्री झोपेतसुद्धा तो उतार यायचा. सांगणार कुणाला? त्या घरात घाबरणारं कुणी होतं का? म्हणून मीच पिळला, अण्णांच्या याच डिसमिसने, अर्धा. बरं वाटलं. मग बघते तर गाडी आपोआप आणखी हळू, आणखी हळू. मला वाटलं, गाडीलाच माझी दया आली. मग एक दिवस आई दिसली, सुरी घेऊन.” ती हसली. “आणि मग सगळे अडीचशेची घ्यायला निघाले.”

“तेव्हा बोलायचंस की.”

“आई बोलली? बाबा बोलले? तू बोललास?”

“मी शब्द दिला होता.”

“टेकाडावर बसले होते ना, तेव्हा वाटत होतं, खालून कुणीतरी म्हणावं, उतर. कुणीही.”

खालच्या वळणावर ती मुलगी हळूहळू दिसायला लागली. कुत्रा बरोबर होता. हा दुसरा कुत्रा, पण चाल तीच.

“माझ्या खिशात डिसमिस का ठेवलास?” मी विचारलं.

“कुणाच्या तरी खिशात असायला हवा होता. तू बाहेरचा. तुला त्या घरात राहायचं नव्हतं.”

“आणि पोपटी?”

मुलगी आमच्यासमोरून गेली. अकरा वर्षांच्या उन्हाने तिच्याखालच्या पोपटी गाडीचा रंग उतरला होता, तरी डोळ्यांना खुपतच होता.

“मामा,” शलाका म्हणाली, “असला भयाण रंग आवडतो का कुणाला?”

विनया चहाचा ट्रे घेऊन येत होती. तिच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा होता, त्यात हत्यारांच्या कपाटाचीही किल्ली असणार. शलाकाने माझ्याकडे बघितलं. सांगू का, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं.

“काय चाललंय मामा-भाचीचं?” विनयाने विचारलं.

“काही नाही,” मी तोंड वाकडं करून म्हणालो. “गाडीचा रंग बघतोय.”